गँगमनला चार्जशीट आणि साहेबाला समुपदेशन?

रेल्वेत नियमांची परीक्षा घेण्याची एक जुनी रीत आहे. लपून बसायचे, सिग्नल अचानक लाल करायचा आणि चालक गाडी थांबवतो की नाही ते पाहायचे. मध्यरात्री फाटकावर जाऊन गेटमन जागा आहे काय, फटाके किती, झेंड्या कोठे, हे विचारायचे. रुळावर काम काढणाऱ्या टोळीने दोन्ही बाजूंना लाल बावटा लावला काय, हे तपासायचे. चुकला की एसएफ-११ चा कागद हातात पडतो, चूक मोठी असेल तर एसएफ-५. मग १९६८ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे ठपका, पगारवाढ रोखणे, खालच्या पदावर ढकलणे आणि शेवटी नोकरीवरून काढणे.

आता जगभर वेगळा विचार पुढे येत आहे. चाचणीत चुकलेल्याला लगेच शिक्षा करू नका, त्याला शिकवा, त्याच्यासोबत उभे राहून काम करून दाखवा. अमेरिकेच्या रेल्वे प्रशासनाने २००७ पासून, थोडक्यात टळलेला अपघात कामगाराने स्वतः गुप्तपणे कळवावा आणि कळवल्याबद्दल त्याला शिक्षा होऊ नये, अशी योजनाच सुरू केली. आम्ही या विचाराच्या बाजूचे आहोत. कारण भीतीने माणूस सावध कमी आणि लपवाछपवीत तरबेज जास्त होतो.

१७ जून २०२४ रोजी बंगालमधील रांगापानीजवळ कांचनजंगा एक्स्प्रेसला मालगाडीने मागून धडक दिली. मालगाडीचा चालक जागीच गेला. त्याच दिवशी रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी सिग्नल न पाळल्याचा ठपका त्या मेलेल्या चालकावर ठेवला. मेलेला माणूस खुलासा देत नाही! पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी झाली आणि वेगळेच बाहेर आले. पहाटेपासून स्वयंचलित सिग्नल बंद होते, चालकांना दिलेला परवान्याचा कागदच चुकीचा होता आणि बंद सिग्नलवर कसे वागायचे हे चालकांना व स्टेशन मास्तरांना पुरेसे समजावलेलेच नव्हते. त्या सकाळी त्या टप्प्यातून गेलेल्या इतर गाड्यांच्या चालकांनीही सिग्नलपाशी थांबून दहाच्या वेगाने जाण्याचा नियम पाळला नव्हता. तो पाळला कांचनजंगाने, आणि धडक तिलाच बसली. एकजात सगळे चुकतात तेव्हा दोष चालकाचा की शिकवणाऱ्याचा?

तेव्हा समुपदेशन हवेच. परंतु आमच्या मराठवाड्यात ते कोण करणार आणि कसे करणार, हा आमचा सवाल आहे. २००३ साली नांदेड विभाग झाला, तो दक्षिण मध्य रेल्वेचा, मुख्यालय सिकंदराबाद. लातूर स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. नांदेडचा कर्मचारी उजळणी वर्गाला मौला अलीला जाणार, लातूरचा भुसावळला. नियमांचा कारभार इंग्रजी-हिंदीत. आज समुपदेशन म्हणून जे चालते त्यात पुष्कळदा वहीवर सही घेतली जाते, सही येत नसेल तर अंगठा. 'वाचले, समजले' असे लिहिलेल्या त्या सहीचा उपयोग एकच : उद्या अपघात झाला तर साहेबाला ती दाखवता येते. मुदखेडच्या किंवा परभणीच्या ट्रॅकमनला त्याच्या मराठीत, त्याच्याच रुळावर, हातात बावटा देऊन कोणी शिकवले तर त्याला आम्ही समुपदेशन म्हणू.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, मनमाडला, फेब्रुवारी १९३८ मध्ये अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद भरली होती. बाबासाहेबांनी तेथे सांगितले की अस्पृश्य कामगाराच्या वाट्याला गँगमनचे काम येते आणि तेथेच तो म्हातारा होतो. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरात काम करावे लागते आणि घरात विटाळ चालत नाही. आज आरक्षणाने चित्र पालटले आहे, नाकारून चालणार नाही. परंतु कोणाची चूक 'चूक' आणि कोणाची चूक 'गुन्हा', हे ठरवणारी नजर कायद्याने पालटत नाही.

चार्जशीट वाईट, पण तिच्यात आरोप लेखी असतो, खुलासा देता येतो, मोठ्या शिक्षेआधी चौकशी होते, अपील करता येते. घटनेचे कलम ३११ पाठीशी आहे. समुपदेशन मात्र साहेबाच्या मर्जीवर सोडले तर? ओळखीच्याला खोलीत बोलावून चहासोबत चार गोष्टी सांगितल्या जातील आणि बिनओळखीच्याला एसएफ-११ मिळेल. पहिल्याची कोठे नोंदच नसेल, मग भेदभाव सिद्ध कशाने करणार? म्हणून समुपदेशन ही मेहेरबानी न राहता लेखी हक्क झाला पाहिजे : पहिल्या चुकीला सर्वांना शिकवणी, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला किंवा खोटी नोंद करणाऱ्याला सवलत नाही.

आणि शिकवून माणसे वाढत नाहीत. काकोडकर समितीच्या २०१२ च्या अहवालात काही वर्षांत सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी मेल्याची नोंद आहे. २०२५ मध्ये वंदे भारत नांदेडपर्यंत आली, वेग वाढत चालला. टोळीत माणसे अपुरी असतील तर बावटा धरायला माणूस कोठून आणायचा? लातूरच्या कोच कारखान्यात तर गाड्या बनवण्याचे काम खासगी कंपनीकडे गेले आहे. ठेकेदाराच्या कामगाराला १९६८ चे नियम लागू नाहीत. त्याला चार्जशीट नाही आणि समुपदेशनही नाही, 'उद्यापासून येऊ नको' एवढेच.

नांदेड व सोलापूर विभागांत वर्षभरात किती अचानक तपासण्या झाल्या, किती जणांना समजावून सोडले, किती जणांना चार्जशीट दिली आणि ते कोणत्या पदाचे व कोणत्या प्रवर्गाचे होते, ही माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते. अर्जाला दहा रुपये लागतात. आमच्या कर्मचारी संघटनांनी जयंतीच्या वर्गणीतून तेवढे जरूर बाजूला काढावेत.