अकरावीतलं पोर ऐकत का नाही?

“दहावीपर्यंत गुणी होता हो! अकरावीत गेला आणि तक्रारी सुरू झाल्या.” आमच्या शिरपूर जैनमध्ये हे गाऱ्हाणं घरोघरचं. पण मैत्रिणींनो, सगळा दोष पोरांचा नाही.

जुन्या मॅट्रिकच्या काळी अकरावी ही शाळेचीच शेवटची इयत्ता होती. १९७५ साली मॅट्रिक दहावीवर आली आणि अकरावी-बारावीचं झालं कनिष्ठ महाविद्यालय. गावोगावी मात्र ते बहुधा शाळेच्याच इमारतीत भरतं. नाव कॉलेजचं; घंटा, प्रार्थना, गणवेश शाळेचे! सोळा वर्षांच्या मुलाला वाटतं, आपण मोठे झालो. नियम म्हणतो, अजून लहानच आहेस. मग शर्ट बाहेर निघतो, तास बुडतो.

शिवाय प्रत्येक उशीर म्हणजे उद्धटपणा नव्हे. कधी एस.टी. चुकते, कधी सोयाबीनच्या सोंगणीला घरी माणूस लागतं. कॉपीची, गुटख्याची गोष्ट वेगळी. तिथे गय नको.

मुलाची तक्रार आली तर दोन बोल सुनावून विषय संपतो. मुलीची आली की “पुरे झालं शिक्षण” म्हणून स्थळं बघायला सुरुवात! म्हणून आधी कारण विचारा, मग रागवा. आजारपणाची खोटी चिठ्ठी लिहून देऊ नका. बारावीच्या परीक्षेला बसायचं तर ७५ टक्के हजेरी लागते, चिठ्ठीनं ती भरून निघत नाही. त्यापेक्षा स्वतः शाळेत जा, बाईंना खरी अडचण सांगा. कामाच्या दिवसांत घरातली कामं मुलगा-मुलगी दोघांत सारखी वाटा. तिची हजेरी तिथेच वाचेल.