पेन्शन कोणतीही असो, हिशेब दरमहा दिसला पाहिजे



पेन्शनचा विषय निघाला की आपण शिक्षक आपल्याच पगाराचं बोलतो. आज जरा दुसऱ्यांचं बोलू. दर्यापूर-बनोसात पहाटे झाडू घेऊन निघणारे, नाल्या काढणारे, नळाला पाणी सोडणारे, टॅक्सची पावती फाडणारे नगरपरिषदेचे कर्मचारी. यांचीच मुलं आपल्या वर्गात बसतात. यांच्या म्हातारपणाची सोय आज कशी आहे आणि ती कशी सुधारावी, याबद्दल माझं मत मांडते.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. आपल्या राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून सरकारी-निमसरकारी सेवेत लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. जुन्या योजनेत शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम आणि त्यावर महागाई भत्ता मिळायचा. नव्या योजनेत मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के कर्मचारी भरतो आणि १४ टक्के सरकार किंवा संस्था भरते. तो पैसा बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीच्या वेळी जेवढा जमेल, त्यावर पेन्शन ठरते.

याच प्रश्नावर मार्च २०२३ मध्ये राज्यभर सात दिवस संप झाला. पुढे २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारायचं ठरवलं. २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या ५० टक्के, आणि किमान १० वर्षं सेवा असेल तर दरमहा निदान १०,००० रुपये, अशी त्यात हमी आहे.

जुनी चांगली की नवी, हा वाद चालूच राहील. पण वादात एक साधी गोष्ट मागे पडते. जुन्या योजनेत पेन्शन शेवटच्या पगारावर ठरायची. नव्या योजनेत ती दर महिन्याला खात्यात पडणाऱ्या पैशावर उभी आहे. एकीकृत योजनेतली हमीसुद्धा खात्यात पूर्ण आणि वेळेवर रक्कम जमा झाली, हे धरूनच आहे. म्हणजे पगारपत्रकात कपात दिसली, एवढ्यावर भागत नाही.

आठवीच्या मुलांना आपण चक्रवाढ व्याज शिकवतो ना? तेच गणित इथं लावून पाहा. समजा, एका लिपिकाचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३०,००० रुपये. त्याचे ३,००० आणि संस्थेचे ४,२००, असे महिन्याला ७,२०० झाले. वर्षाचे ८६,४००. वयाच्या ३५ व्या वर्षी ही एका वर्षाची रक्कम भरायचीच राहून गेली. द. सा. द. शे. ८ दर धरला, तर ५८ व्या वर्षापर्यंत त्याचे सुमारे ५ लाख रुपये झाले असते. एका वर्षाची ढिलाई आणि नुकसान ५ लाखांचं!

कोणी म्हणेल, "मॅडम, छोट्या गावच्या नगरपरिषदेजवळ पैसा हाय कुठं?" प्रश्न खरा आहे. पण न भरलेला हिस्सा म्हणजे बचत नव्हे. ती उधारी आहे, आणि तिचं व्याज गरीब माणसाच्या म्हातारपणातून कापलं जातं.

ठेकेदाराकडच्या सफाई कामगाराची गोष्ट तर याहून अवघड. त्याला आधार भविष्य निर्वाह निधीचा. त्यातली किमान पेन्शन २०१४ पासून महिन्याला १,००० रुपये आहे, आणि तीही १० वर्षं सेवा भरली तर. ठेकेदार बदलला की नवं खातं निघालं आणि जुनं जोडलं नाही, तर ती १० वर्षं मोजताना अडचण येते. एकाच गल्लीत झाडू मारणाऱ्या दोघांपैकी एकाला १०,००० ची हमी आणि दुसऱ्याला १,००० ची. ज्या भागात गाडगेबाबा जन्मले आणि हाती झाडू घेऊन गावोगाव फिरले, त्या भागाला हे शोभतं का?

म्हणून नगरपरिषदांनी तीन गोष्टी कराव्यात, असं मला वाटतं. पहिली, अर्थसंकल्पात पेन्शनचा हिस्सा पगाराबरोबरच बाजूला काढावा, उरलेल्या पैशातून नाही. दुसरी, दर महिन्याला प्रत्येक कर्मचाऱ्याला सोप्या मराठीत चिठ्ठी द्यावी : तुमचे इतके, आमचे इतके, अमुक तारखेला जमा. तिसरी, ठेकेदाराने कामगारांचा निधी भरल्याची पावती दाखवल्याशिवाय त्याचं बिल काढू नये.

आणि आपण? पालकसभेला असे आई-वडील आले की त्यांना खात्याचा उतारा कसा वाचायचा ते दाखवू. त्यांच्या मुलांना चक्रवाढ व्याजाचं उदाहरण याच उताऱ्यावरून देऊ. हिशेब विचारणं म्हणजे भांडण नव्हे, हे घरातल्या एकाला जरी कळलं तरी पुष्कळ झालं.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा.