गोळीसोबत तिची माहितीही द्या : हृदयरुग्णांच्या मागण्या

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे
मा. सहायक आयुक्त (औषधे), अन्न व औषध प्रशासन, पुणे

विषय : 'कॅल्शियम चॅनल ब्लॉकर' गटातील औषधांचा (अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिन, डिल्टियाझेम, व्हेरापामिल) सुरक्षित वापर

महोदय,

सणसवाडीचा कामगार कधी कामगार विमा दवाखान्यात जातो, कधी सरकारी आरोग्य केंद्रात, तर कधी पाळी सुटल्यावर जवळच्या खाजगी डॉक्टरांकडे. एका ठिकाणची चिठ्ठी दुसऱ्या ठिकाणी दाखवली जात नाही. या गटातली अ‍ॅम्लोडिपिन ही रक्तदाबावरची स्वस्त आणि गुणकारी गोळी राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे. आमची तक्रार औषधाबद्दल नाही. ते माहितीविना हाती पडते, याबद्दल आहे. म्हणून आमच्या मागण्या :

१. प्रत्येक रुग्णाला एकच औषधपुस्तिका द्यावी. तीत औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि वेळ मराठीत व हिंदीत लिहावी. सर्व डॉक्टरांनी तीच पाहावी.

२. डिल्टियाझेम व व्हेरापामिल हृदयाचे ठोके मंदावतात; अटेनोलॉल, मेटोप्रोलॉलही तेच करतात. या दोन जोड्यांतली औषधे एकत्र पडल्यास ठोके धोकादायक पातळीवर उतरू शकतात. अटेनोलॉल तर अ‍ॅम्लोडिपिनसोबत एकाच गोळीत मिळते, ते रुग्णाला ठाऊकही नसते. ही औषधे देण्यापूर्वी चालू गोळ्या, नाडी आणि ईसीजी तपासावा. ज्यांच्या हृदयाची पंपिंग क्षमता घटली आहे, त्यांना डिल्टियाझेम व व्हेरापामिल देऊ नये.

३. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजू शकतात, हे रुग्णाला आधीच सांगावे. सूज दिसताच लघवीची गोळी वाढवू नये. आधी हृदय व मूत्रपिंड तपासावे, मग गरजेनुसार मात्रा कमी करावी किंवा औषध बदलावे.

४. वाढलेला रक्तदाब झटपट उतरवण्यासाठी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देणे पूर्ण बंद करावे. दाब एकाएकी कोसळल्यास हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊ शकतो.

५. वरील सर्व औषधे 'शेड्यूल एच'मधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची आहेत. चिठ्ठीशिवाय विक्री रोखावी. त्याचबरोबर सरकारी केंद्रात महिनाभराचा साठा एकदम द्यावा, म्हणजे पाळी बुडवून खेटे घालावे लागणार नाहीत आणि गोळ्या मध्येच तुटणार नाहीत.

६. कायद्यानुसार पाचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात रुग्णोपचार कक्ष (अ‍ॅम्ब्युलन्स रूम) बंधनकारक आहे. तेथे रक्तदाब व नाडी नियमित मोजून पुस्तिकेत नोंदवावी.

या मागण्यांसाठी नवी इमारत लागत नाही, महागडे यंत्रही लागत नाही. आरोग्य विभाग, औषध विक्रेते आणि कारखान्यांची संयुक्त बैठक सणसवाडीत बोलवावी व निर्णय लेखी कळवावा. आणि आमच्या रुग्णबांधवांना विनंती : डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरू करू नका, बंदही करू नका.

आपले,
सणसवाडी परिसरातील हृदय व रक्तदाब रुग्णांची संघटना