लीद तपासल्याशिवाय जंतनाशक नको

लग्नसराईत झाशीच्या सिव्हिल लाइन्समधून वरात निघाली की सजवलेली घोडी सर्वांच्या नजरेत भरते. तिच्या आतड्यात काय चालले आहे, हे मात्र कोणाला दिसत नाही. घोडी रोडावली, केसांची चमक गेली, पोटशूळ उठला की मालक जंताचे औषध आणून पाजतो. पुष्कळ ठिकाणी ते ठरावीक महिन्यांनी, तपासणीविनाच दिले जाते. काळजीपोटी रुळलेली ही प्रथा आता घोड्यांच्याच मुळावर येत आहे.

प्रत्येक मात्रेत औषधाला बळी पडणारे जंत मरतात आणि दाद न देणारे उरून वाढतात. बेंझिमिडाझोल गटातील औषधांना लहान स्ट्राँगाइल जंत जगभर जुमानेनासे झाले आहेत. ज्या संशोधनातून आयव्हरमेक्टिन मिळाले त्याला २०१५ चे नोबेल लाभले. पण त्यालाही घोड्यांतील गोलकृमी अनेक देशांत दाद देत नाहीत.

यावरचा उपाय महागडा नाही. चार ग्रॅम ताजी लीद ५६ मिलिलिटर संपृक्त मीठपाण्यात कालवून गाळली की जंतांची अंडी तरंगतात. मॅकमास्टर काचपट्टीच्या दोन कप्प्यांत दिसलेल्या अंड्यांच्या संख्येला ५० ने गुणले की दर ग्रॅममागील अंडी कळतात. प्रौढ घोड्यांच्या कळपात बहुतेक अंडी मोजकेच घोडे टाकतात. नियमित औषधाची खरी गरज त्यांनाच असते. औषधानंतर साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा मोजले, तर ते लागू पडले की नाही हेही समजते.

या चाचणीला मर्यादा आहेत. आतड्याच्या भित्तीत दडलेल्या अळ्या अंडी घालत नाहीत, फीतकृमी बहुधा निसटतो, आणि अंड्यांच्या संख्येवरून जंतांची संख्या ठरत नाही. म्हणून शिंगराचे वय, ऋतू आणि लक्षणे पशुवैद्याने पाहिलीच पाहिजेत. अंडी न दिसणे म्हणजे घोडा निरोगी असणे नव्हे.

२०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख उरले. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक आहे. उरलेल्यांपैकी अनेकांच्या पाठीवर एकेका कुटुंबाची चूल चालते. सूक्ष्मदर्शक, मीठ आणि एक काचपट्टी एवढ्या सामग्रीवर होणारी ही तपासणी प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात नित्याची झाली पाहिजे. औषधे निकामी झाल्यावर मोजणी सुरू करण्यात काहीच अर्थ उरणार नाही.