सुर्ल्याची सहा बिऱ्हाडे

घर पाहावे बांधून, असे आपण म्हणतो. कानडीतही 'मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु' अशीच म्हण आहे. पण बांधलेले जुने घर विकत घेऊन भाड्याने द्यावे काय, यावर दोन्ही भाषांतले शहाणे गप्प आहेत. म्हणून बेळगावच्या भावोजींनी मला फोन केला.

भावोजी नुकतेच निवृत्त झाले. हाती फंडाची रक्कम, शिवाय वाटणीची जमीन विकून आलेले पैसे. कोणा दलालाने सुर्ल्यातली तीन मजली इमारत सुचवली होती. १९९४ चे बांधकाम, सहा फ्लॅट, किंमत ७२ लाख. ''मास्तर, प्रत्येकी सहा हजार भाडं धरलं तर वर्षाला चार लाख बत्तीस हजार. सहा टक्के सुटतात की!'' आमची अक्का मागून ओरडत होती, ''बेडा अंद्रे बेडा!'' पण फोन भावोजींच्या हातात होता.

सुर्ला नावाची गावे दोन. एक सत्तरीत, चोर्ला घाटाच्या अंगाला. हे दुसरे, डिचोली तालुक्यातले, खाणींचे. साखळी सोडून आत वळलो की खिडकीच्या कडेवर तांबडी धूळ दिसू लागते. चीनला खनिज जात होते त्या वर्षांत इथे रात्रंदिवस ट्रक धावायचे आणि ड्रायव्हर, फिटर, मेकॅनिक खोली मिळेल त्या भाड्याने घ्यायचे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मधे काही काळ चालू झाल्या, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा शुकशुकाट. ही इमारत त्या भरभराटीच्या हिशेबावर उभी होती.

दलाल म्हणाला, आता दिवस पालटलेत. ते अगदीच खोटे नव्हे. डिचोलीच्या खाणगटाचा २०२२ च्या अखेरीस लिलाव झाला, २०२४ मध्ये तिथले काम सुरूही झाले. मोप्याचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे. पण मोपा पेडण्यात. तिथला नोकरदार सुर्ल्याला कशाला राहील? साखळीच्या सरकारी कॉलेजची मुले, आमोण्याच्या कारखान्यातले कामगार, एवढेच खरे गिऱ्हाईक. तेही साखळीत खोली मिळाली तर इकडे फिरकत नाही.

जिना चढताना दोन फ्लॅटना कुलपे दिसली. तीन फ्लॅट प्रत्येकी साडेपाच हजारांनी दिलेले. तळमजल्यावर गदग भागातले एक जुने फिटर २००३ पासून दीड हजारावर राहतात. भावोजी त्यांच्याशी कानडीत बोलू लागले, आणि दलालाने जे सांगितले नव्हते ते सगळे चहाच्या एका कपात बाहेर आले. मे महिन्यात विहीर तळ गाठते, टँकर मागवावा लागतो. पावसात वरच्या मजल्याची छत गळते. संडासाची टाकी कोणी शेवटची उपसली ते त्यांनाही आठवत नव्हते. शेवटी त्यांनी हळूच विचारले, ''नम्मन्न बिडस्तिरेनु?'' आम्हाला काढणार काय? भावोजी एकदम गप्प झाले. १९६८ च्या गोव्याच्या भाडे नियंत्रण कायद्यात असा भाडेकरू सहजी निघत नाही, पण त्यावेळी कायदा आम्हा दोघांच्याही मनात नव्हता.

एक इंजिनिअर मित्र बरोबर होता. त्याने तुळयांवर हातोडीने ठोकून पाहिले. काही ठिकाणी टणक आवाज, काही ठिकाणी पोकळ. पोकळ जागी गिलावा काढला तर आत सळी गंजून फुगलेली. मग तुटलेल्या काँक्रीटवर त्याने एक द्रव शिंपडला. काँक्रीट निरोगी असेल तर गुलाबी होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरला की त्याचा सळी राखण्याचा गुण जातो आणि रंग येत नाही. इथे आला नाही. दुरुस्ती आठ लाख, त्याने सांगितले, तीही वर पत्र्याचे छप्पर घालून.

आता हिशेब. साडेपाच हजाराचे तीन आणि दीड हजाराचा एक, महिना १८ हजार, वर्षाला २ लाख १६ हजार. घरपट्टी, पंप, दिवे, टँकर, किरकोळ डागडुजी यांचे ४८ हजार वजा. राहिले १ लाख ६८ हजार. किंमत, दुरुस्ती, मुद्रांक, नोंदणी धरून गुंतवणूक ८५ लाखांच्या घरात. म्हणजे जेमतेम दोन टक्के. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेचे व्याज एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाले, मर्यादाही ३० लाखांवर गेली. त्या दराने नुसते तीस लाख वर्षाला २ लाख ४६ हजार देतात, आणि त्यांना टँकर लागत नाही.

खरा अडसर मात्र कागदात निघाला. आपल्या बेळगावच्या माणसाला वाटते, मालकाची सही झाली की झाले. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा. तिथे लग्नाबरोबर नवराबायकोची मालमत्ता सहसा सामाईक होते, त्यामुळे विक्रीला दोघांचीही सही हवी. मूळ मालक वारलेले, वारस चार भावंडे, चौघेही विवाहित; म्हणजे आठ सह्या. वाटणीचे काम, ज्याला तिथे इन्व्हेंटरी म्हणतात, अजून झालेलेच नव्हते. एक-चौदाच्या उताऱ्यावर मयताचेच नाव. जमिनीची सनद आणि राहण्याचा दाखला दाखवा म्हटल्यावर दलालाला दुसऱ्या कोणाचा तरी फोन आला.

परतताना चोर्ल्याच्या वळणांवर भावोजी म्हणाले, ''पंचेचाळीसला दिली तर?'' मी म्हटले, आधी आठ सह्या होऊ देत, मग आकडा बोला. आणि फिटरना काढायचे नाही, हे धरूनच बोला. ते म्हणाले, ''ते तर आलंच.''

तीस लाख पोस्टात गेले, अक्काने स्वतः नेऊन भरले. बाकीचे बँकेत आहेत. पण दर रविवारी फोनवर आधी विचारणा होते, ''मास्तर, त्या सह्यांचं काय कळलं काय?''