अंतर दोऱ्याचं, वेळ वाऱ्याची

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर किती, असं विचारलं की फोन क्षणात सांगतो: सुमारे १२,५३५ किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी नऊशेच्या आसपास, म्हणजे साधा भागाकार केला तर चौदा तास. थेट विमानाच्या तिकिटावर मात्र पंधरा-सोळा तास छापलेले असतात आणि परतीच्या प्रवासाला त्याहून कमी. लेकीला सहार विमानतळावर सोडून आलेले आईवडील रात्रभर हे गणित मांडत बसतात आणि ते काही जुळत नाही.

१२,५३५ हा आकडा खोटा नाही. तो दोऱ्याचा आहे. शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका पश्चिमेला दिसते, पण दोरा उत्तरेकडे सरकतो: सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून नॉर्वे, मग आइसलँड आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडा. सगळ्यात जवळची वाट ही.

विमान मात्र हवेत चालतं आणि ती हवाच वाहती असते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे धावतात, हिवाळ्यात तर फारच जोरात. नदीला पाणी चढलं की जाता-येताचा फरक नावाड्याला कळतो, तसंच हे. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटरवर गेलं, तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. चौदाशे किलोमीटरचा वळसा घालून वेळ वाचवणं एसटीच्या प्रवाशाला पटायचं नाही, पण वर वारा पाठीशी होता.

तिकिटावरची वेळ मुळात नुसत्या उड्डाणाची नसतेच. विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची ती असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, तेव्हा रांगेत गेलेली मिनिटंही त्यातच.

वाऱ्याचा अंदाज तरी बांधता येतो, सरहद्दींचा नाही. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावर अमेरिकी विमानांना रशियाचं आकाश बंद झालं आणि युनायटेड एअरलाइन्सला नेवार्क–मुंबई सेवा थांबवावी लागली. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. दोऱ्याच्या पहिल्याच टप्प्यावर गाठ पडली! दिल्लीहून अमेरिकेला निघालेली विमानं मग इंधनासाठी व्हिएन्नाला किंवा कोपनहेगनला उतरू लागली. वळसा लांबला की इंधन जास्त लागतं, आणि ते जास्तीचं इंधन वाहून न्यायलाही इंधनच जळतं. मग प्रवासी नाहीतर सामान कमी करा, किंवा वाटेत उतरा.

याचा दोष विमान कंपन्यांना देण्यात अर्थ नाही. पण वाटेत उतरण्याची शक्यता तिकीट काढतानाच ठळक अक्षरांत सांगायला त्यांचं काय जातं? न्यूयॉर्कला उतरून पुढचं विमान गाठायचं असणाऱ्यांना वाटेतल्या थांब्यात गेलेला वेळ महाग पडतो, आणि पुढचं तिकीट वेगळं काढलेलं असेल तर ते बहुधा बुडतंच.