गेलेल्या बिऱ्हाडाचें सामान

आमच्या घरांत चार भावांच्या संसारांत मिळून एकच संगणक असे, व त्यावर डेबियन नांवाची लिनक्स-प्रणाली नांदत होती. इ. स. २०११ च्या फेब्रुवारींत तिची सहावी आवृत्ति, 'स्क्वीझ', निघाली, तेव्हां आमच्या पुतण्यानें ती चढविण्यास घेतली. काम संपत आलें असतां पडद्यावर सूचना उमटली कीं, आरंभाची नवी पद्धत लागू करतां येत नाहीं. अमुक पॅकेज काढलें आहे, परंतु समूळ नव्हे. चिरंजीव गोंधळले. खरें सांगावयाचें तर आम्हीहि.

यंत्र उठतांना कोणती सेवा केव्हां जागी करावयाची, हें त्या काळीं 'इनिट-डी' या कोठींतील लहान लहान स्क्रिप्ट सांगत. पूर्वीं त्यांचे क्रमांक माणसें ठरवीत. नव्या पद्धतींत प्रत्येक स्क्रिप्टनें आपल्या माथ्यावर 'मला आधीं अमुक हवें' असें लिहून द्यावयाचें, आणि क्रम यंत्रानें लावावयाचा, असें ठरलें. (सकाळीं न्हाणीघरापुढें आमच्या सूनबाई हेंच करतात, तेथें वयाचा मान चालत नाहीं.) जुन्या बेवारशी स्क्रिप्टवर असा मथळा बहुधा नसतो, म्हणून सगळा हिशेब अडतो.

त्या मागें कां राहतात? डेबियनमध्यें पॅकेज नुसतें काढलें तर कार्यक्रम जातो, पण मालकानें हातानें बदललेली असेल या आदरानें त्याची व्यवस्थापत्रें तशींच ठेवतात. आणि आरंभाची स्क्रिप्ट व्यवस्थापत्रांतच मोडते. समूळ काढावयाचें तर 'पर्ज' ही निराळी आज्ञा आहे. 'डीपीकेजी'च्या यादींत अशा अर्धवट गेलेल्या पॅकेजांपुढें 'आरसी' हीं अक्षरें दिसतात. आमच्याकडे तीं अकरा निघालीं.

पुतण्या अकराहि एका आज्ञेंत पुसावयास निघाला होता. आम्ही एकेक घ्यावयास लाविलें. शाळेंतली खोड, दुसरें कांहीं नाहीं. सातवें 'मायएसक्यूएल'चें आलें, तेव्हां यंत्रानें विचारलें : सर्व माहितीसंग्रहहि नष्ट करूं काय? तो थबकला. "काका, नानांची वंशावळ यांतच आहे ना?"

होती. आमच्या कैलासवासी वडील बंधूंनीं नऊ वर्षें गांवोगांव हिंडून जमविलेलीं सात पिढ्यांचीं नांवें त्यांतच होतीं, आणि दुसरी प्रत कोठेंहि नव्हती. पॅकेज काढलें होतें, तें केवळ जागा हवी म्हणून. 'नाहीं' असें उत्तर दिलें, पॅकेज पुन्हां बसविलें, संग्रह उतरवून घेतला आणि मगच उरलेलीं पुसलीं. शेवटीं 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर सिसव्ही-आरसी' ही आज्ञा दिली. नवी पद्धत मुकाट्यानें लागू झाली.

एक पोटभेद आहे. कधीं पॅकेज नांदतें असतें, पण नव्या आवृत्तींत त्यानें आपली जुनी स्क्रिप्ट सोडून दिलेली असते. तेथें पर्ज करूं नये. स्क्रिप्टमध्यें आपल्या हातचा फेरफार आहे काय तें पाहून, प्रत ठेवून, तेवढीच काढावी.

२०१५ च्या एप्रिलांत आठव्या आवृत्तीबरोबर 'सिस्टमडी' आलें. त्याच नांवाची नवी नोंद असली तर तें जुनी स्क्रिप्ट वाचीतच नाहीं. नसली तर तेव्हां तें वाचून चालवूं पाहत असे. त्या वेळीं पुतण्यानें आवृत्ति चढविण्यापूर्वींच यादी काढली. एकच 'आरसी' निघाली, आणि वंशावळीची छापील प्रत वहिनींच्या कपाटांत होती.